यंत्र कोणाच्या बाजूचे? : नॉर्वेच्या संगणक केंद्राची वाटचाल

‘नॉर्स्क रेग्नेसेंट्राल’ म्हणजे नॉर्वेचे संगणक केंद्र. ओस्लोतल्या या संस्थेने सत्तर वर्षांहून अधिक काळात पुष्कळ काम केले. तेलसाठ्यांचे अंदाज बांधले, समुद्रातल्या माशांची गणिते मांडली, उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांचा अर्थ लावला. जगाला तिचे नाव माहीत झाले ते मात्र एका प्रोग्रामिंग भाषेमुळे. माझ्या मते ते व्हायला हवे होते वेगळ्याच कामामुळे, लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर तिथल्या संशोधकांनी केलेल्या प्रकल्पामुळे. सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने बनवायचे हे ठरवताना माणसांच्या हिताचा निवाडाही होत असतो, ही गोष्ट तिथे १९७१ सालीच कारखान्याच्या जमिनीवर तपासून पाहिली गेली. म्हणून या वाटचालीत त्या तीन वर्षांवर मी जास्त रेंगाळणार आहे.

केंद्राची स्थापना १९५२ सालची. युद्धात पाच वर्षे जर्मनांच्या ताब्यात राहिलेला हा छोटा देश तेव्हा नव्या उभारणीला लागला होता. सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने देशातली गणनाची कामे एके ठिकाणी आणायची ठरवली आणि हे केंद्र उभे राहिले. पहिली काही वर्षे हिशेब करून देणारी संस्था एवढीच तिची ओळख होती. तिला संशोधनाची भूक लागली ती १९६० साली क्रिस्टन न्यूगोर तिथे आल्यावर.

न्यूगोर गणिताचे. बारा वर्षे त्यांनी संरक्षण संशोधन संस्थेत काढली होती. नॉर्वेच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी किचकट आकडेमोड त्यांनी तिथे केली आणि पुढे लष्करी कामकाजाचे गणिती विश्लेषण करणारा गट बांधला. या कामात त्यांना सतत एक अडचण भेडसावत होती. बंदर, कारखाना, टपाल कचेरी, विमानतळ या सगळ्यांत माणसे आणि यंत्रे एकाच वेळी हलत असतात, एकमेकांसाठी खोळंबतात, एकमेकांच्या वाटेत येतात. हे सारे संगणकाला सांगायचे कोणत्या भाषेत? आकड्यांची भाषा होती. चालत्या-बोलत्या व्यवस्थेचे वर्णन करणारी भाषा त्यांना हवी तशी सापडत नव्हती.

ती भाषा घडवताना त्यांना साथ मिळाली ओले-योहान डाल यांची. डाल १९६३ साली केंद्रात रुजू झाले, पण दोघांचे काम त्याआधीच सुरू झाले होते. १९६२ साली न्यूगोर अमेरिकेला गेले आणि युनिव्हॅक कंपनीशी बोलणी करून आले. केंद्राला युनिव्हॅक ११०७ हे मोठे यंत्र सवलतीत मिळावे आणि बदल्यात केंद्राने नव्या भाषेचा कंपायलर करून द्यावा, असा तो सौदा होता. ऑगस्ट १९६३ मध्ये यंत्र ओस्लोत आले. भाषेचे नाव ठेवले सिम्युला.

सिम्युलाच्या घडणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या आराखड्यात त्यांनी व्यवस्थेची कल्पना अशी केली होती, की ‘स्थानके’ सक्रिय आणि ‘गिऱ्हाइके’ निष्क्रिय. काम स्थानक करणार. गिऱ्हाईक नुसते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ढकलले जाणार. बंदराचे उदाहरण हाताळताना हे उलटे करून पाहावे असे त्यांना वाटले. जहाज स्वतः बंदरात शिरते, ओढबोट मागते, क्रेन धरून ठेवते, माल उतरला की सोडते. म्हणजे जहाज सक्रिय, आणि क्रेन व ओढबोट निष्क्रिय. दोन्ही मांडण्या बरोबर ठरत होत्या. कोणाला कर्ता धरायचे आणि कोणाला नुसता माल, हे बंदर सांगत नव्हते. ते मांडणी करणारा ठरवत होता. अखेर दोघांनी हा भेदच काढून टाकला आणि प्रत्येक घटकाला स्वतःची माहिती व स्वतःची हालचाल असू शकेल अशी एकच संकल्पना आणली. पुढे जगाने जिला ‘ऑब्जेक्ट’ म्हटले तिचे मूळ इथे आहे.

या दोघांच्या चर्चा म्हणजे जुंपलेली भांडणेच असत. १९६७ च्या वसंतात नव्याने लागलेली एक व्यक्ती घाबऱ्याघुबऱ्या टेलिफोन ऑपरेटरकडे धावत आली. वरच्या मजल्यावरच्या बोळात फळ्यासमोर दोन माणसांची मारामारी चालली आहे, काय करायचे, असे विचारू लागली. ऑपरेटरबाईंनी बाहेर येऊन क्षणभर कानोसा घेतला आणि काळजीचे कारण नाही, डाल आणि न्यूगोर सिम्युलाची चर्चा करताहेत, असे सांगितले. हा प्रसंग त्या दोघांनीच पुढे भाषेचा इतिहास लिहिताना नोंदवला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ओस्लोजवळ लिसेबू इथल्या परिषदेत त्यांनी क्लास आणि सबक्लासची मांडणी केली. सिम्युला ६७ मधल्या क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स या कल्पना पुढे स्मॉलटॉकमध्ये, सी प्लस प्लसमध्ये, जावामध्ये गेल्या. पुढची कथा अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

त्याला ठाऊक नसते ती कथा यानंतरची. सिम्युला कारखानदारांना आवडली. उत्पादनाचे नियोजन, यंत्रांचे वेळापत्रक, मालाचा प्रवास आता आधी संगणकावर चालवून पाहता येऊ लागला. आपल्या भाषेचा उपयोग कसा होतो आहे, हे न्यूगोर जवळून पाहत होते. टर्नरने कोणता जॉब कोणत्या यंत्रावर कधी लावायचा, हे पूर्वी तो आणि त्याचा मुकादम बोलून ठरवत. कोणती पात लवकर झिजते, कोणत्या यंत्राचा नखरा काय आहे, हे त्या दोघांना माहीत असे. नियोजन संगणकावर गेले की तोच निर्णय छापील कागदावरून उतरतो. काम ठरावीक साच्यात बसते, कसब लागेनासे होते, शेजारच्या कामगाराशी बोलायचे कारणही उरत नाही. सिम्युलाच्या आराखड्यातून ज्या निष्क्रिय गिऱ्हाइकाला त्यांनी बाहेर काढले होते, तो आता कारखान्यात जिवंत माणसाच्या रूपाने उभा होता. आपण घडवलेली वस्तू लोकांच्या कामाची रचना बदलते आहे आणि त्या लोकांना कोणी विचारलेले नाही, ही गोष्ट त्यांना सोसवेना. निषेधाचा लेख लिहून थांबण्यापेक्षा ते कामगार संघटनेकडे गेले. हे मला त्यांच्या भाषेपेक्षाही मोठे वाटते.

त्या काळी नॉर्वेत कामगारांच्या सहभागाचे प्रयोग नव्हते असे नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे फ्रेड एमरी आणि नॉर्वेचे आइनर थोर्सरूड यांनी १९६० च्या दशकात मालक आणि कामगार दोघांच्या मध्यवर्ती संघटनांना बरोबर घेऊन ‘औद्योगिक लोकशाही’चे प्रयोग केले होते. याच टॅव्हिस्टॉकच्या ए. के. राइस यांनी १९५३ साली आपल्या शेजारी, अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागवाल्यांचे स्वयंपूर्ण गट करून विणकामाची घडी नव्याने बसवली होती. या साऱ्या प्रयोगांमागे एक गृहीत होते. तंत्र आणि माणूस यांचा मेळ नीट बसवला तर उत्पादनही वाढेल आणि समाधानही, म्हणजे सगळ्यांचे हित अखेर एकच आहे. न्यूगोर यांना हे गृहीत मान्य नव्हते. मालक आणि कामगार यांचे हित काही ठिकाणी जुळते, काही ठिकाणी जुळत नाही. आणि जिथे जुळत नाही तिथे एका बाजूकडे संगणकतज्ज्ञ असतील व दुसरीकडे कोणीच नसेल, तर चर्चेला सहभाग हे नाव देणे ही फसवणूक आहे, अशी त्यांची धारणा होती.

लोखंड आणि धातू कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७० च्या अधिवेशनात या विषयात उतरायचे ठरवले आणि १९७१ ते १९७३ या काळात केंद्राबरोबर प्रकल्प झाला. न्यूगोर यांच्याबरोबर ओलाव तेर्ये बेर्गो हे तरुण संशोधक होते. सुरुवातीची योजना कोणतीही चांगली संशोधन संस्था आखेल तशीच होती. कारखान्यांत वापरात असलेल्या नियोजन प्रणाल्यांचा अभ्यास करायचा, कामगारांची मते गोळा करायची, त्यावरून कोणती प्रणाली कशी असावी याच्या शिफारशी काढायच्या आणि संघटनेला अहवाल द्यायचा.

काही महिने या वाटेने गेल्यावर संशोधकांच्या ध्यानात आले, की अहवाल कितीही उत्तम झाला तरी तो कपाटात जाणार. तज्ज्ञांनी कामगारांच्या वतीने विचार केला, एवढाच त्याचा अर्थ होणार. कामगाराच्या हाती काही येणार नाही. तेव्हा त्यांनी प्रकल्प मध्यावर थांबवून त्याची पद्धत उलटी केली. प्रकल्पाचे फलित कशाला म्हणायचे, याची व्याख्याच बदलली. संघटनेने, मध्यवर्ती पातळीवर किंवा एखाद्या कारखान्यात, या प्रकल्पाच्या निमित्ताने जी कृती केली ती म्हणजे फलित. संशोधकांनी लिहिलेले कागद हे त्या कृतीला मदत करणारे साहित्य, एवढेच.

संशोधनाच्या क्षेत्रात हे किती अवघड आहे, हे ज्यांनी अहवाल लिहिले आहेत त्यांना कळेल. यशाची मोजपट्टी दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि तो दुसरा पदवीधर नसणार, संगणक त्याने कदाचित पाहिलेलाही नसणार. पण मूल्यांची परीक्षा इथेच होते. माणसाला केंद्रस्थानी ठेवतो असे म्हणणारी पद्धत आणि त्या माणसाच्या हाती निर्णय देणारी पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेच्या संगणक केंद्राने दुसरी पद्धत निवडली.

मग स्थानिक युनियनचे अभ्यासगट बसले. आपल्या कारखान्यात कोणती प्रणाली येऊ घातली आहे, ती कोणती माहिती गोळा करते, ती माहिती कोण पाहू शकतो, तिच्यामुळे कोणते काम कमी होईल, कोणते कसब निरुपयोगी ठरेल, याची चौकशी कामगारांनी स्वतः केली. संशोधक शिकवायला आणि प्रश्नांची उत्तरे द्यायला हजर असत. नियोजन, नियंत्रण आणि माहितीप्रक्रिया यांवर कामगारांसाठी पाठ्यपुस्तक तयार झाले आणि ते संघटनेच्या शिबिरांत वापरले जाऊ लागले. प्रत्येक गटाने शेवटी स्वतःचा कृती-कार्यक्रम लिहिला.

याची फळे लवकर दिसली. काही कारखान्यांत युनियनने व्यवस्थापनाशी संगणक प्रणालींबाबत लेखी करार केले. १९७५ साली तर नॉर्वेची मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांचा महासंघ यांच्यात देशपातळीवर करार झाला. त्यातली तीन कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. नव्या प्रणालीचा विचार तांत्रिक आणि आर्थिक बाजूंबरोबर सामाजिक बाजूनेही व्हावा. त्याबद्दलची माहिती विशेष ज्ञान नसलेल्या माणसाला समजेल अशा स्वच्छ भाषेत दिली जावी. आणि कामगारांना या विषयासाठी स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क असावा. युनियनचा हा ‘संगणक प्रतिनिधी’ पुढे नॉर्वेच्या कारखान्यांत रुळला. १९७७ च्या कामकाज पर्यावरण कायद्याने याच विचाराला कायद्याचा आधार दिला. नियोजन आणि नियंत्रणाच्या प्रणाल्यांची माहिती कर्मचाऱ्यांना मिळाली पाहिजे, त्या समजण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि त्या आखताना त्यांचा सहभाग असला पाहिजे, असे त्यात लिहिले गेले.

संशोधन संस्थेने तटस्थ राहायला नको का, असा प्रश्न कोणी विचारील. न्यूगोर यांचा युक्तिवाद साधा होता. संगणकतज्ज्ञांची बहुतेक कामे व्यवस्थापनासाठीच होतात. तेव्हा कोणी तटस्थता मोडली असे म्हणत नाही. एक प्रकल्प कामगारांसाठी केला की मात्र तोल गेल्याची ओरड होते. तोल आधीच एका बाजूला गेलेला होता, हे मला पूर्ण पटते.

याच काळात केंद्रात ‘डेल्टा’ नावाच्या भाषेवर काम झाले. ती संगणकावर चालवायची भाषाच नव्हती. एखाद्या व्यवस्थेचे वर्णन त्या व्यवस्थेतल्या माणसांना एकत्र बसून वाचता यावे, त्यावर वाद घालता यावा, यासाठी ती रचली होती. सिम्युलाइतकी ती गाजली नाही. पण यंत्राला कळण्याआधी माणसाला कळले पाहिजे, हा आग्रह एका नामवंत संस्थेने भाषेच्या रूपात उतरवला, याची नोंद व्हायला हवी. १९७० पासून जवळजवळ दोन दशके केंद्राच्या संचालक द्रूडे बेर्न्त्सेन होत्या. संगणकाच्या क्षेत्रात एवढी मोठी जबाबदारी स्त्रीकडे असणे त्या काळात युरोपातही विरळच होते.

नॉर्वेतून हा विचार शेजारी गेला. स्वीडनमध्ये ‘डेमोस’, डेन्मार्कमध्ये ‘ड्यूए’ हे प्रकल्प झाले. १९८१ पासून ‘उटोपिया’ प्रकल्पात छपाई कामगारांच्या नॉर्डिक संघटनेने वृत्तपत्राच्या पानजुळणीसाठी लागणारी प्रणाली स्वतः आखायला घेतली. तशी यंत्रे अजून हाताशी नव्हती. मग पुठ्ठ्याची खोकी मांडली, एका खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ लिहिले, पडद्याच्या जागी स्लाइड दाखवल्या आणि पानजुळारी त्यांच्यासमोर उभे राहून आपले रोजचे काम करून दाखवू लागले. चूक कुठे होते, हात कुठे अडतो, हे खोके हलवून तिथल्या तिथे दुरुस्त होई. ओस्लोत ‘फ्लोरेन्स’ प्रकल्पात परिचारिकांनी हेच केले. पाळी बदलताना कोणत्या रुग्णाबद्दल काय सांगायचे, हे त्या कागदावर टिपत. त्यांना संगणकाकडून हवा होता तो त्या कागदाला आधार. बाहेरच्या तज्ज्ञाला हे काम किरकोळ वाटले असते.

या साऱ्याला मर्यादा होत्या. करार झाले, पण प्रत्येक कारखान्यात प्रणालीचा कागद वाचायला वेळ आणि माणूस देणे युनियनला झेपले नाही. पुढे हीच पद्धत अमेरिकेत गेली तेव्हा तिचे हत्यार राहिले आणि संघटना गळून पडली. वापरणाऱ्याला विचारायचे, पण त्याच्या पगाराचे, नोकरीचे, कामाच्या वेगाचे प्रश्न बाहेर ठेवायचे, असे तिचे रूप झाले. संगणक केंद्राचेही वळण बदलले. १९८५ साली ते स्वतंत्र प्रतिष्ठान झाले आणि संख्याशास्त्र हे त्याचे मुख्य बळ ठरले. कामगारांबरोबरचे संशोधन ओस्लो आणि ऑर्हूस इथल्या विद्यापीठांकडे सरकले. अपंग आणि वृद्ध माणसांना डिजिटल सेवा वापरता याव्यात यासाठीचे काम केंद्रात आजही चालते, आणि जुन्या मूल्यांचा धागा मला तिथे दिसतो.

२००१ सालचा टुरिंग पुरस्कार डाल आणि न्यूगोर यांना मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा तज्ज्ञांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. आज पुण्या-मुंबईतल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या त्या पद्धतीने काम करतात. कागदी नियमांपेक्षा माणसांना मान देणारा तो जाहीरनामा आहे, यात शंका नाही. पण त्यातला ‘ग्राहक’ म्हणजे बहुतेक वेळा पैसे देणारा. प्रणाली ज्याच्या डोक्यावर येऊन पडते तो कामगार त्या खोलीत नसतो. त्याआधी तीस वर्षे ओस्लोत जी जागा कामगाराला मिळाली होती ती इथे पुन्हा रिकामी झाली. २००२ च्या उन्हाळ्यात डाल आणि न्यूगोर सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. ज्या इमारतीत आज केंद्र आहे तिला न्यूगोर यांचे नाव आहे.

या परंपरेची एक शाखा आपल्याकडे पोहोचली. ओस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्णभेद संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत १९९४ पासून आरोग्याच्या आकडेवारीसाठी मुक्त सॉफ्टवेअर बांधायला घेतले. डिसेंबर २००० मध्ये ते काम आंध्र प्रदेशातल्या कुप्पम इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आले. त्यातून वाढलेली ‘डीएचआयएस २’ प्रणाली आज सत्तरहून अधिक देशांत वापरली जाते. पण नॉर्वेत धातू कामगारांमागे जी संघटित ताकद होती ती खेड्यातल्या परिचारिकेमागे नव्हती, आणि वरच्या साहेबाने मागितलेला तक्ता भरणे हेच तिच्या वाट्याला पुष्कळदा आले. पद्धत एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते. तिच्यामागची ताकद तिथेच उभी करावी लागते.

महाराष्ट्रात ती ताकद नाही असे मी म्हणणार नाही. २०२१ साली इथल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल हजारोंच्या संख्येने परत केले. फोन जुने, कमी क्षमतेचे आणि सतत बिघडणारे होते, आणि ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची होती. बाळाचे वजन, आईचे नाव, घरी दिलेला शिधा, हे सारे ज्या सेविका वर्षानुवर्षे रजिस्टरात मराठीत नीट लिहीत आल्या त्यांना ॲप बनवताना विचारले असते, तर पहिल्याच बैठकीत भाषेचा प्रश्न निघाला असता. त्यांनी संघटितपणे नकार दिला म्हणूनच तो चव्हाट्यावर आला.

म्हणून माझी विनंती या संघटनांना आहे. अंगणवाडी सेविका, आशा, एसटीचे कर्मचारी, महापालिकांचे सफाई कामगार, सगळ्यांच्या हातात आता कुठले ना कुठले ॲप आले आहे. पुढच्या मागणीपत्रात मानधन, निवृत्तिवेतन आणि रजेच्या कलमांबरोबर आणखी एक कलम घाला. नवी प्रणाली लागू होण्याआधी तिची माहिती मराठीत, समजेल अशा शब्दांत मिळावी, आणि ती आखणाऱ्या समितीत आम्ही निवडलेला प्रतिनिधी असावा. आणि पुण्यात, नाशकात, नागपुरात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी सांगेन, की त्या प्रतिनिधीला शिकवायला महिन्यातली एक संध्याकाळ द्या.